मागे राहण्याचे व्रत : मातोश्री अहिल्याबाई होळकर

पुण्यश्लोक हा शब्द आपण मोठ्या मानाने उच्चारतो, पण त्याचा अर्थ विचारला तर चांगले जाणते लोकही घुटमळतात. श्लोक म्हणजे केवळ चार चरणांचे पद्य नव्हे. संस्कृतात श्लोक याचा दुसरा अर्थ कीर्ती. ज्याची कीर्ती नुसती कानी पडली तरी ऐकणारा पावन होतो, तो पुण्यश्लोक. जुन्या परंपरेत हे विशेषण नलराजाला लागते, धर्मराजाला लागते. दोघांनीही राज्य गमावले, जिवलगांचा वियोग सोसला, आणि तरी धर्म सोडला नाही. आपल्या मराठी मुलखाने हेच विशेषण अठराव्या शतकातल्या एका विधवा सुनेला दिले. का दिले, याचा विचार आज आपण करू.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ चा. २०२५ साली त्याला तीनशे वर्षे पुरी झाली. जामखेड तालुक्यातले चौंडी हे त्यांचे माहेर. ज्या जिल्ह्यात ते गाव आहे त्याचे नावही आता अहिल्यानगर झाले आहे. वडील माणकोजी शिंदे, धनगर समाजातले, गावचे पाटील. घर खाऊनपिऊन सुखी, पण राजवैभवाचा तिथे वाराही नाही. मल्हारराव होळकरांनी या मुलीला लहानपणी एका देवळात पाहिले आणि आपल्या खंडेरावासाठी मागणी घातली, असे सांगतात. लग्न १७३३ साली झाले. म्हणजे मुलगी आठ वर्षांची.

आता हे मल्हारराव तरी कोण? मूळ गाव नीरेकाठचे होळ. लहानपणीच वडील वारले, म्हणून आईने खानदेशात तळोद्याला आपल्या भावाकडे नेले. तिथे मेंढरे राखता राखता हा पोर घोड्यावर बसला आणि थोरल्या बाजीरावांच्या पदरी राहून माळव्याचा सुभेदार झाला. हाताशी सत्ता आली, पण घोंगडीची ऊब माणूस विसरला नाही. त्यांची पत्नी गौतमाबाई. त्याही तशाच खंबीर. या सासूसासऱ्यांच्या हाताखाली अहिल्याबाई वाढल्या. लिहिणे, वाचणे, हिशेब ठेवणे, घोड्यावर बसणे, सारे त्यांना सासरी मिळाले. सून म्हणजे घरकामाला आणलेली पोर, असे त्या घरी कोणी मानले नाही. १७४५ साली मालेराव आणि १७४८ साली मुक्ताबाई अशी दोन मुले झाली. प्रपंच फुलला.

आणि मग १७५४ चा मार्च महिना उजाडला. भरतपुराजवळ कुंभेरीच्या किल्ल्याला मराठ्यांचा वेढा पडला होता. तिथे तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. अहिल्याबाईंचे वय अठ्ठावीस. त्या काळच्या चालीप्रमाणे त्या सती जायला निघाल्या. खंडेरावांच्या इतर स्त्रिया गेल्याही. पण मल्हाररावांनी सुनेची वाट अडवली. ज्या माणसापुढे मोठमोठे सरदार मान खाली घालीत, तो माणूस सुनेपुढे रडला. खंडू गेला, आता तूच माझा मुलगा, तूही गेलीस तर या म्हाताऱ्याने कोणाच्या तोंडाकडे पाहावे, असा त्या विनवणीचा आशय परंपरेने जपून ठेवला आहे. अहिल्याबाई थांबल्या.

सज्जनहो, मला वाटते या चरित्राचे मर्म या एका थांबण्यात आहे. लोक सांगतात त्यांनी देवळे बांधली, घाट बांधले, राज्य केले. ते सारे खरेच. पण त्या साऱ्याचा पाया या क्षणी पडला. जाणे एका घटकेचे असते, मागे राहणे रोजचे असते. सकाळी उठायचे, रिकाम्या जागेकडे पाहायचे, डोळे पुसायचे आणि चूल पेटवायची. त्या दिवशी अहिल्याबाईंनी हे व्रत घेतले, आणि पुढे एकेचाळीस वर्षे ते मोडले नाही.

मल्हाररावांनीही आपला शब्द पाळला. सुनेला मुलगा म्हटले, तर मुलाप्रमाणे कामही सांगितले. स्वतः मोहिमेवर असताना ते दौलतीचा वसूल, फौजेचा खर्च, तोफखान्याची तजवीज अहिल्याबाईंवर सोपवीत. १७६५ सालच्या त्यांच्या पत्रांत तोफा घेऊन ग्वाल्हेरीकडे जाण्याच्या आणि तोफखान्याची सिद्धता करण्याच्या आज्ञा आहेत. सासऱ्याने सुनेला लिहिलेली पत्रे आणि विषय दारूगोळ्याचा! आजसुद्धा किती घरांत सुनेच्या हाती तिजोरीची किल्ली असते, हे ज्याचे त्याने पाहावे.

१७६१ साली गौतमाबाई गेल्या. २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावही गेले. ज्यांच्या शब्दासाठी जगायचे ठरवले, तेच गेले. गादी मालेरावाला मिळाली, आणि एक वर्ष पुरे होण्याच्या आत, १७६७ साली, मालेरावही गेला.

इथे जरा थांबून आम्हा कीर्तनकार मंडळींशीच दोन शब्द बोलायचे आहेत. मालेरावाच्या रथाखाली वासरू सापडले, म्हणून आईने मुलाला रथाखाली घालण्याचा हुकूम दिला आणि गाय आडवी आली, अशी कथा ठिकठिकाणी रंगवून सांगतात. कोणी रथ सांगतो, कोणी हत्ती सांगतो. सभा टाळ्या वाजवते. पण समकालीन कागदपत्रांत या गोष्टीला आधार नाही. वासराची आणि रथाची अशीच कथा तमिळ देशात एका चोळराजाच्या नावावर फार पूर्वीपासून सांगतात. मालेराव दुखण्याने गेला. मालकम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने माळव्यातील जुन्या माणसांना विचारून १८२३ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात असे आहे की मालेरावाच्या हातून संशयापायी एका निरपराध कारागिराचा जीव गेला, त्या पश्चात्तापाने त्याचे चित्त भ्रमले, आणि आई रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसून राहिली. मुलाच्या वागण्याने ती आधीपासूनच दुःखी होती, पण त्याला टाकले नाही. आता सांगा, आई म्हणून कोणती मोठी? मुलाला रथाखाली घालणारी, की अपराधी मुलाच्या उशाशी बसून त्याचे भ्रम ऐकणारी? न्याय दाखवायला खोट्या कथेची गरज नाही. खरी कथा पुरेशी आहे.

मालेरावामागे गादीला वारस उरला नाही. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांच्या मनात दत्तक घेऊन कारभार आपल्या हाती ठेवण्याचे होते. त्यांनी राघोबादादांना बोलावले. दादासाहेब फौजेनिशी उज्जैनीजवळ क्षिप्रेच्या काठी येऊन थडकले. बाईमाणूस, एकटी, दुःखाने खचलेली, काय करणार, असा सर्वांचा हिशेब. पण बाईंनी शेजारच्या सरदारांना पत्रे लिहिली, पुण्यास माधवराव पेशव्यांकडे न्याय मागितला, आणि स्वतः लढाईला उभ्या राहण्याची तयारी केली. दादासाहेबांना निरोप गेला तो असा सांगतात, की बायकांना जिंकलेत तर कीर्ती मिळणार नाही, आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. माधवरावांनी बाईंच्या बाजूने कौल दिला. दादासाहेब समाचाराला आलो होतो असे म्हणून परतले. रक्ताचा एक थेंब सांडला नाही.

फौजेसाठी त्यांनी तुकोजी होळकरांना नेमले. तुकोजी काही त्यांच्या पोटचे नव्हेत, वयाने थोडे मोठेच. पण ते बाईंना मातोश्री म्हणत. दोघांत पैशाच्या हिशेबावरून खटके उडाले नाहीत असे नाही. बाई हिशेबाला कडक होत्या. तरी घर फुटले नाही. एक बाहेर तलवार सांभाळी, एक आत दौलत सांभाळी, आणि जवळजवळ अठ्ठावीस वर्षे हा गाडा चालला.

बाईंनी राहण्यासाठी नर्मदाकाठचे महेश्वर निवडले. त्यांचा दिवस कसा जाई, तेही मालकमने टिपून ठेवले आहे. सूर्योदयापूर्वी उठणे, स्नान, पूजा, पुराणश्रवण. मग हातांनी दानधर्म आणि अन्नदान. मग साधे शाकाहारी जेवण, थोडी विश्रांती, आणि दुपारपासून सूर्यास्तापर्यंत दरबार. संध्याकाळी पुन्हा पूजा, आणि रात्री नऊच्या सुमारास पुन्हा कामाला बसत ते अकरापर्यंत. दरबारात त्या पडद्याआड बसत नसत. कोणीही यावे आणि आपले गाऱ्हाणे सांगावे. आज्ञापत्रांवर स्वतःच्या नावाऐवजी श्रीशंकराचे नाव घालीत. राज्य देवाचे, आपण नुसते कारकून, हा त्यातला भाव. हे नुसते कागदावर राहिले नाही. एका विद्वानाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला, तो बाईंनी शांतपणे ऐकून घेतला आणि नर्मदेत टाकायला सांगितला.

आता दानाविषयी. धर्मशास्त्रात इष्ट आणि पूर्त असे दोन भाग सांगितले आहेत. यज्ञयाग, व्रतवैकल्य हे इष्ट. विहिरी, बारवा, तळी, देवळे, बागा, अन्नछत्रे हे पूर्त. इष्टाचे फळ मुख्यतः करणाऱ्याला. पूर्ताचे पाणी मात्र कोणीही प्यावे. अहिल्याबाईंचे सारे आयुष्य पूर्तात गेले. १६६९ साली औरंगजेबाच्या हुकमाने काशीविश्वेश्वराचे देऊळ पाडले गेले होते. शंभराहून अधिक वर्षांनी, १७८० च्या सुमारास, बाईंनी ते पुन्हा उभे केले. काशीत मणिकर्णिका आणि दशाश्वमेध या घाटांचे काम केले. सोमनाथाला जुन्या भग्न मंदिराजवळ १७८३ साली नवे देऊळ बांधून लिंग खालच्या गाभाऱ्यात स्थापले. गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ चे. वेरूळचा घृष्णेश्वर त्यांच्याच हातचा जीर्णोद्धार. जेजुरीला सासूसासऱ्यांच्या नावाने मल्हार-गौतमेश्वर. आणि आपल्या पंढरपुरात होळकर वाडा आणि त्यातले राममंदिर. चंद्रभागेला जाणाऱ्या वारकऱ्याने तिथे क्षणभर हात जोडावेत. दूर दक्षिणेतल्या देवळांनाही गंगेचे पाणी नेमाने जाईल अशी व्यवस्था त्यांनी लावून दिली होती.

पण यात एक बारीक गोष्ट आहे, आणि ती मला सर्वांत मोठी वाटते. हा पैसा कुठला? होळकरांचे दोन खजिने होते. एक दौलतीचा, म्हणजे रयतेचा, तो फौज आणि राज्यकारभार यांसाठी. दुसरा खासगीचा. ही खासगी १७३४ साली पेशव्यांनी गौतमाबाईंना जहागीर दिली तेव्हापासूनची, म्हणजे घरातल्या बाईमाणसाच्या हक्काची. सासूमागे ती सुनेकडे आली. देवळे आणि घाट झाले ते या खासगीतून. रयतेच्या करावर बाईंनी स्वतःचे पुण्य बांधले नाही. सासूची ठेव होती, तिचे सुनेने दागिने केले नाहीत, दगड केले, आणि ते दगड वाटसरूच्या पायाखाली घाट होऊन बसले. एका घरच्या दोन बायकांचे नाते काशीपासून पंढरीपर्यंत पोचले.

ज्याला दान कळते त्याला दुसऱ्याच्या धनाचा लोभ नसतो. त्या काळी निपुत्रिकाचे धन सरकारजमा करण्याची चाल होती. एका सावकाराच्या विधवेला दत्तक हवा होता, आणि अंमलदार त्यासाठी भली मोठी रक्कम मागत होता. ती बाई महेश्वरी आली. अहिल्याबाईंनी अंमलदाराला दूर केले, दत्तक मंजूर केला, त्या मुलाला मांडीवर बसवून वस्त्रेभूषणे देऊन घरी पाठवले. खरगोणच्या दोन विधवा आपले सारे धन आपण होऊन द्यायला आल्या, तर बाईंनी ते घेतले नाही. तुमचे तुम्हीच लोकांच्या उपयोगी लावा म्हणाल्या, आणि त्या पैशातून तिथे नदीला घाट आणि देऊळ झाले. विधवेचे दुःख विधवेने जाणले. डोंगरातले भिल्ल वाट मारीत, तेव्हा आधी त्यांना जरब दिली, मग वाटसरूंकडून त्यांचा ठराविक पूर्वापार हक्क मान्य करून रस्त्यांचे रक्षण त्यांच्याच गळ्यात घातले. महेश्वरात बाहेरून विणकर आणून वसवले. तिथली लुगडी आजही मागावर विणली जातात. उन्हाळ्यात नांगराच्या बैलांना शेतात नेऊन पाणी पाजायला माणसे ठेवली, पाखरांसाठी पिकाची शेते राखली, नर्मदेतल्या माशांना खाऊ घातले. घरातली माणसे एकेक करून गेली, आणि घर मात्र असे वाढत वाढत बैलापाखरांपर्यंत गेले.

आम्हा हरिदासांनी विसरू नये अशीही एक आठवण आहे. संगमनेरचे शाहीर अनंतफंदी महेश्वरास गेले असता, अशी वाणी लावणीत का खर्चता, ती हरिकीर्तनाला लावा, असे बाईंनी त्यांना सुचवले आणि तेव्हापासून फंदी कीर्तनाकडे वळले, असे परंपरा सांगते. रागावून कोणाची डफतुणतुणी फोडली नाहीत. कलावंताला दुसरी वाट दाखवली आणि त्याची बूज राखली.

असो. आता कथेचा अवघड भाग. मुलगी मुक्ताबाई यशवंतराव फणसे यांना दिली होती. त्यांचा मुलगा नथोबा हा आजीच्या म्हातारपणाचा आधार. तो ऐन तारुण्यात गेला. पाठोपाठ १७९१ साली यशवंतराव गेले, आणि मुक्ताबाई सती जायला निघाली.

सदतीस वर्षांपूर्वी मल्हाररावांनी जी विनवणी केली, तीच आता अहिल्याबाईंच्या तोंडी आली. पायाशी लोळण घेण्यापर्यंत त्यांनी लेकीला विनवले. मला एकटीला टाकून जाऊ नकोस म्हणाल्या. पण मुक्ताबाईचे उत्तर असे होते, की आई, तू म्हातारी झालीस, थोड्या दिवसांत तूही जाशील, नवरा गेला, मुलगा गेला, मग मी कोणासाठी राहू? आईला उत्तर सुचले नाही. मालकमने पाहणाऱ्यांच्या तोंडून ऐकून लिहिले आहे, की अहिल्याबाई चितेजवळ उभ्या होत्या, दोन ब्राह्मणांनी दोन्ही हात धरून ठेवले होते. ज्वाळा उठल्या तेव्हा त्यांचा सारा धीर सुटला, आणि हात सोडवता येईनात म्हणून त्या स्वतःच्याच हातांना चावू लागल्या. पुढे तीन दिवस अन्न नाही, शब्द नाही.

सज्जनहो, काही ठिकाणी हा प्रसंग सतीचे माहात्म्य म्हणून गातात. तसे करू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे. पुढे १८२९ साली इंग्रजी अमलाखालच्या बंगालात ही चाल कायद्याने बंद झाली, पण कायद्याच्या कितीतरी आधी एका मराठी सासऱ्याने आणि एका मराठी आईने आपल्या प्रेमाने तिला आडवे येऊन पाहिले होते. सासऱ्याला यश आले, आईला आले नाही. जी राणी साऱ्या मुलखाचे गाऱ्हाणे ऐकत होती, तिचे गाऱ्हाणे ऐकायला त्या दिवशी कोणी नव्हते. इतकी पूजा, इतके दान, इतकी तीर्थे, आणि देवाने हे दिले, असे एखाद्या अभक्ताने विचारले तर काय सांगावे? मी एवढेच सांगेन, की चौथ्या दिवशी अहिल्याबाई उठल्या. लेकीजावयाच्या नावाने महेश्वरी एक सुंदर स्मारक बांधायला घेतले. आणि नेमाप्रमाणे पुन्हा कामाला बसल्या. देवाने दुःख टाळले नाही, उठण्याचे बळ दिले. भक्तीचे फळ याहून दुसरे कोणते, हे मला तरी ठाऊक नाही.

आणखी चार वर्षे त्या जगल्या. नवरा, सासू, सासरा, मुलगा, नातू, जावई, मुलगी, कोणी उरले नव्हते. श्रावण वद्य चतुर्दशी, शके १७१७, म्हणजे १३ ऑगस्ट १७९५ रोजी, सत्तराव्या वर्षी, महेश्वरी नर्मदेच्या काठी त्यांनी देह ठेवला.

आपल्या संप्रदायात घरदार टाकून रानात जा असे कोणी सांगितले नाही. प्रपंचात राहा, नेमाने वारी करा, भुकेल्याला घास द्या, मुखी नाम असू द्या, एवढेच सांगितले. पण प्रपंचात राहायचे म्हणजे कधीतरी मागे राहण्याची पाळी येणार. कोणाच्या घरी कर्ता मुलगा गेला असेल, कोणाची लेक गेली असेल. दर आषाढीला दिंडीत चालताना पाहावे, अशा किती बाया डोक्यावर तुळस घेऊन चालत असतात! त्यांच्या पायांत अहिल्याबाईंचेच बळ आहे. त्यांना कोणी पुण्यश्लोक म्हणत नाही, पण घराघरांत त्या तेच व्रत चालवीत आहेत.

म्हणून या मातोश्रींची पुण्यतिथी करायची तर फुलांचे हार एक वेळ कमी घालावेत. आपल्या गावात जी कोणी अशी मागे राहिली असेल, तिच्या दारी जावे, तिची विचारपूस करावी, आणि सासऱ्याने सुनेला सांगितले तसे तिला सांगावे, की बाई, तू आम्हाला हवी आहेस. या एका वाक्याने त्या काळी काशी उभी राहिली. आपल्या बोलण्याने निदान एक चूल तरी पेटेल.

रामकृष्णहरि.